इकडची सून, तिकडची शाळा

बावीस जून, रविवार. कूलर काढायचा होता. दोन-चार पाऊस होऊन गेले की आदिलाबादेत कूलरचा उपयोग संपतो. तो नुसती दमट हवा घरात ओढतो आणि कपाटातल्या कपड्यांना वास लागतो. दरवर्षी जूनच्या शेवटी मी तो खिडकीतून उतरवते, टाकी घासते, जाळ्यांमधलं कुजलेलं गवत काढून टाकते, मोटारीला तेल देते आणि जुनी चादर गुंडाळून मागच्या खोलीत ठेवून देते. एकटीनं होणारं काम नाही. नवरा ड्यूटीवर होता. भाऊ सगळ्यांना घेऊन येतो आहे असा सकाळी फोन आला, तेव्हा पाहुण्यांपेक्षा मला कूलरचं दुसरं टोक धरणारं माणूस मिळाल्याचं बरं वाटलं.

दादा, वहिनी आणि त्यांची सून असे तिघं तामसीकडच्या बसनं आले. दादा आमच्याच गावच्या मराठी शाळेचा हेडमास्तर म्हणून रिटायर झाला. आमचे वडील त्याच गावात दुसऱ्याच्या शेतावर सालदार होते. घरातला पहिला पगार दादाचा, दुसरा माझा. मी इथल्या सरकारी डिग्री कॉलेजच्या ऑफिसात आहे आणि बरीच वर्षं प्रवेशाच्या टेबलावर बसते. हे गावात सगळ्यांना माहीत असल्यामुळे जून-जुलैत माझ्याकडे पाहुणे वाढतात.

दादाच्या हातात प्लास्टिकची फाईल होती. पाणी पिऊन होण्याच्या आधीच त्यानं ती माझ्यापुढे केली.

"बाई, हिचं उद्या करून टाक. उद्या शेवटची तारीख हाय म्हणते हे."

"हे" म्हणजे माझी भाचेसून. वय एकोणीस. ती पैनगंगेच्या पलीकडची, महाराष्ट्रातली. तिकडे सायन्स घेऊन बारावी झाली आणि लगेच मागच्या उन्हाळ्यात आमच्या विहारात लग्न झालं. आमच्या लोकांत नदीचा अलीकडचा काठ आणि पलीकडचा काठ असा फरक सोयरिकीत कुणी करत नाही. निम्म्या घरांच्या सुना तिकडच्या आणि निम्म्या मुली तिकडे दिलेल्या. सणाला नदीवरच्या पुलावर दोन्हीकडून येणाऱ्या बायकांची गर्दी असते.

तिच्या लग्नाच्या बैठकीला मी नव्हते, कॉलेजात परीक्षा चालू होत्या. पण बैठकीत काय झालं ते मला तीन-चार जणांनी सांगितलं आणि सगळ्यांचं सारखंच होतं. मुलीचे वडील म्हणाले, आम्ही हुंडा देणार नाही, तुम्ही मागणार नाही हे ठाऊक आहे. एकच मागणं, मुलीला डिग्री पुरी करू द्या. दादा सगळ्यांसमोर म्हणाला, "करू द्या काय, करूनच घेऊ. आमच्या तेलंगणात पोरींचं शिक्षण फुकट हाय. तुमी चिंताच सोडा." मग चहा आला आणि तारीख काढली.

दादा खोटं बोलला नव्हता. त्याच्या दोन्ही मुलांची फी सरकारनं भरली. माझ्या मुलीच्या मैत्रिणींची भरते. कॉलेजची फी मुलाच्या वतीनं सरकार परत करतं, अशी ही योजना. जात, उत्पन्न आणि लोकल असणं एवढं पाहिलं जातं. गावाकडे तिला सगळे "रिंबर्समेंट" म्हणतात आणि पाऊस-पाण्यासारखी ती येणारच असं धरून चालतात.

मी फाईल उघडली. आधार कार्ड पाहिलं. लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं, तरी त्यावर मुलीचं नाव, मधलं नाव नवऱ्याचं, आडनाव आमचं, पत्ता आमच्या गावाचा. रेशन कार्डात नाव चढलेलं. मतदार यादीत चढलेलं. बारावीच्या मार्कशीटवर मात्र मधलं नाव वडिलांचं आणि आडनाव तिकडचं. आमच्याकडे हे असंच करतात. सून आली की पहिल्या महिन्यात सासरा तिला घेऊन सेंटरवर जातो आणि सगळे कागद आपल्या नावानं करून आणतो. दादानं तर लग्नाचा मांडव उतरायच्या आत केलं असेल. तेलुगू लोकांत मुलीचं माहेरचं नाव कागदावर पुष्कळदा तसंच राहतं. आमच्याकडे राहिलं तर लोक विचारतात, अजून नाव नाही का लावलं?

"दादा, ही लोकल नाही," मी म्हणाले.

"काऊन नाई? आधार पाह्य ना. रेशन पाह्य."

"लोकल राहण्यावरून ठरत नाही. शिकण्यावरून ठरतं. मागची कितीतरी वर्षं ही तिकडच्या शाळेत होती. सीट मिळेल. लोकलच्या सीटा भरल्यावर ज्या उरतात, त्यात मिळेल. पण फी आपल्याला भरावी लागेल."

"सून तर इकडची हाय ना?"

"सून इकडची आहे. शाळा तिकडची आहे."

दादानं फाईल आपल्याकडे ओढली. मग म्हणाला, तिकडच्या सरकारकडून घेऊ. तिथेही मुलींना माफी आहेच. भाचेसून पहिल्यांदा बोलली. तिचे वडील मागच्याच आठवड्यात विचारून आले होते. तिकडे सांगितलं की पोरीचा पत्ता आता तेलंगणाचा आहे, ती आमच्याकडची रहिवासी राहिली नाही. पत्ता तिकडचाच राहिला असता तर काहीतरी झालं असतं.

म्हणजे राहायला आमच्याकडची झाली म्हणून तिकडून सुटली, आणि शिकायला तिकडची होती म्हणून आमच्याकडे धरली गेली नाही. दोन्ही राज्यांत मुलींचं शिक्षण फुकट आणि ही एकटी मधल्या पाण्यात. अशा मुली मी दरवर्षी टेबलावर पाहते. बहुतेक जणी फाईल बंद करून घरी जातात आणि पुन्हा दिसत नाहीत.

मी म्हटलं, चला, आधी कूलर काढून घेऊ, अंधार व्हायच्या आत टाकी वाळायला हवी. दादानं एक बाजू धरली, भाचेसुनेनं दुसरी, मी खालून आधार दिला. वहिनी दारात उभी राहून सांगत होती, "जपून, पत्रा लागल." खाली ठेवताना टाकीतलं उरलेलं पाणी दादाच्या पायजम्यावर सांडलं आणि तो चिडला. कूलरवर चिडला की फीवर, ते कळलं नाही.

जाळीतलं गवत उपसता उपसता त्यानं उपाय काढला. त्याच्या जुन्या शाळेत आता जो हेडमास्तर आहे तो त्याचाच विद्यार्थी. त्याच्याकडून बोनाफाईड घेऊ. सहावी ते दहावी इथेच शिकली म्हणून. रविवार असला तरी तो घरी येऊन सही करून देईल.

"आन तस्दीक झाली, कुणी खरं-खोटं तपासलं तर?" मी विचारलं.

"कोन करते तस्दीक? तूच तं बसते तिथं."

मी काही बोलायच्या आत भाचेसून म्हणाली, "मामाजी, मी त्या शाळेत नाई शिकली. उद्या कोनी विचारलं, वर्गाले कोन सर होते, तं काय सांगू?"

"माहं नाव सांग. मी होतोच ना हेडमास्तर."

"मग ते म्हनतील," ती गवत झटकत म्हणाली, "हेडमास्तरनं आपल्या शाळेतलीच पोट्टी सून करून नेली."

वहिनी आधी हसली. मग तोंडाला पदर लावून इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. "घ्या! सात गावात नाव होईल तुमचं. वर्गात हजेरी घेता घेता पोरगी पाह्यली म्हनतील!"

दादाचे कान लाल झाले. शाळेच्या बाबतीत तो फार कडक होता. पस्तीस वर्षांत एका मुलीनं किंवा तिच्या बापानं त्याच्याबद्दल कधी शब्द काढला नव्हता. बोनाफाईडचा विषय तिथेच मिटला. नाहीतर मला त्याला सांगावं लागलं असतं की तिकडच्या बोर्डाच्या मार्कशीटबरोबर इकडचा दाखला जोडणारा माणूस माझ्या टेबलावर पहिल्याच मिनिटाला पकडला जातो. ते त्याला जास्त लागलं असतं.

हसणं संपल्यावर वहिनी उठली आणि सहज म्हणाली, "पैसे भराचे असन, तं मंग इचार करू. एक साल थांबलीच हाय, आनखी एक थांबन."

भाचेसुनेचा हात थांबला. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, कुणाकडेच नाही. मला मात्र कळलं की खरा प्रश्न आत्ता सुरू झाला. उद्याची तारीख गेली की पुढच्या वर्षी घरात पाळणा असेल, निदान त्याची बोलणी असतील, आणि "इचार करू" म्हणजे काय ते आम्हा सगळ्या बायकांना माहीत आहे. तिचा डिग्रीचा रस्ता उद्याच्या दिवसातून जात होता. नाहीतर नव्हताच.

या ठिकाणी मला एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण फीबद्दल माझं जे मत आहे ते तिच्यामुळे आहे.

आमच्या गावात माझ्या वर्गात दोघीच मुली दहावी पास झाल्या. एक मी, सालदाराची. दुसरी गावच्या पाटलाची, मोठ्या शेतकऱ्याची, ज्यांच्या शेतावर माझे वडील राबायचे. तिचे मार्क माझ्यापेक्षा चांगले होते. मला आदिलाबादेत हॉस्टेल मिळालं, स्कॉलरशिप मिळाली, फी माफ. घरात कुणी मला पाठवायचं की नाही यावर बोललंच नाही. बोलण्यासारखं काही नव्हतं. दादानं पेटी उचलली आणि मला बसमध्ये बसवून दिलं. तिच्या घरी मात्र बोलणी झाली, कारण तिला काहीच माफ नव्हतं. बापाकडे जमीन होती, बैल होते, पुढे ट्रॅक्टर आला. फी त्या घराला जड नव्हती. पण फी भरायची म्हटल्यावर काका बोलले, आजी बोलली, पोरीवर खर्च कशाला असा प्रश्न कुणीतरी काढला, आणि त्याच साली तिचं लग्न ठरलं. आज ती सुखात आहे, तिच्या नातवाच्या बारशाला मी जेवून आले. रडगाणं म्हणून मी हे सांगत नाही. एवढंच सांगते की तिच्या घरी पैसे होते आणि तरी ती गेली नाही.

टेबलावर बसून मी हेच वर्षानुवर्षं पाहिलं आहे. फी किती आहे याला फारसा अर्थ नसतो. फी आहे म्हटलं की घरात विचार सुरू होतो. मुलासाठी तो विचार लवकर संपतो, मुलीसाठी लांबतो आणि सुनेसाठी तर तो सुरू होतो तिथेच संपतो.

दादाला मी हे थोडक्यात सांगितलं. माझं म्हणणं असं की सरकारी कॉलेज सरसकट सगळ्यांना फुकट असावं. जात विचारू नये, उत्पन्न विचारू नये, नदी कुठली ते विचारू नये.

"सगळ्याईले?" दादा म्हणाला. "पाटलाच्या पोरीले पन फुकट? ज्यायच्या शेतात बाप मेला, त्यायले?"

"हाव. पाटलाच्या पोरीला आधी."

"आन आपल्याले जे लढून भेटलं, ते?"

"ते जात नाही. हॉस्टेल, पुस्तकं, महिन्याचा खर्च, ते ज्याला गरज आहे त्यालाच द्या. मी फक्त दारावरचं म्हणते. दारात पैसे घ्यायचे नाहीत, कुणाकडूनच नाहीत."

"सरकार दिवाळखोर होईन."

यात त्याचं अगदीच चुकत नव्हतं. फुकट म्हणजे कुणीतरी भरतच असतं, हे ऑफिसात बसणाऱ्या बाईला सांगावं लागत नाही. वरून पैसा यायला उशीर झाला की खाजगी कॉलेजवाले मुलांचे दाखले अडकवून ठेवतात. आमच्यासारख्या ठिकाणी तासावर शिकवणाऱ्या पोरांचा पगार लांबतो. सगळ्यांना माफ करायचं आणि पैसा वेळेवर द्यायचा नाही, असं झालं तर कॉलेज चालेल पण शिकवायला कुणी राहणार नाही. शिवाय बसभाडं आहेच. गुडीहत्नूरकडून येणाऱ्या मुली पास नसेल तर अर्धे दिवस येत नाहीत, फी माफ असून. हे सगळं मला माहीत आहे. तरी मी माझं मत बदललेलं नाही. पैशाचा वाद सरकारशी घालता येतो. स्वयंपाकघरातला विचार कुणाशी भांडून थांबवायचा?

"ते सरकार करन तवा करन," दादा म्हणाला. "उद्याचं काय? असं कर, बाई, तू भरून दे. तुह्या पगारात काय कमी हाय?"

भाचेसून माझ्याकडे बघायला लागली. मी भरू शकत होते, हेही खरं.

"मी नाही भरणार," मी म्हणाले.

वहिनीला ते आवडलं नाही. "बोलाले तं सगळ्या जगाले फुकट, आन घरच्या सुनेले?"

"वहिनी, मी भरले तर ती माझ्या पैशानं शिकेल आणि तुमच्या घरात राहील. पहिला पेपर राहिला की तुमीच म्हणाल, जाऊ द्या, आत्याचे गेले, आपले काय गेले? तुमी भरले तर तुमी तिला सकाळी उठवून बसवर पाठवाल. बैठकीत शब्द दादानं दिला. मी तिथं नव्हते."

"तवा फुकट होतं," दादा म्हणाला.

"तेव्हाही नव्हतं. तुला वाटलं होतं. तिच्या वडिलांनी फुकट मागितलं नव्हतं, डिग्री मागितली होती."

दादा उठला. टाकी उलटी करून भिंतीला लावून ठेवली आणि पाय धुवायला गेला. भाचेसुनेला मी विचारलं, तुला काय व्हायचंय? ती म्हणाली, लॅबमध्ये काम करायचं आहे, रक्त तपासायचं. तिच्या गावच्या दवाखान्यात एक बाई ते काम करते, ती तिला आवडते. मी तिला सांगितलं की शिकवणं इंग्रजीत असेल, मराठीत एक शब्द मिळणार नाही, वर्गात तेलुगू बोलतील, पहिले सहा महिने डोकं दुखेल. ती म्हणाली, "दुखू द्या, आत्या." मग लग्नाचा दाखला, दोन्ही नावं एकाच मुलीची असल्याचं वकिलाकडून करून घ्यायचं प्रतिज्ञापत्र, फोटो, असं काय काय लागेल ते मी तिला नीट समजावलं. वकील माझ्या गल्लीतलाच. रविवार असूनही त्यानं कागद करून दिला. त्याचे पैसे मी दिले, कारण तेवढ्यावर घरात विचार व्हावा असं मला वाटलं नाही.

पाचच्या बसनं ते गेले. काय ठरलं ते कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. दादा जाताना फक्त म्हणाला, "कूलरची मोटार आवाज करून राह्यली. पुढच्या साली बदलून घे." मी कूलर चादरीत गुंडाळला, मागच्या खोलीत ढकलला आणि दुसऱ्या दिवसाच्या डब्याची भाजी चिरायला बसले.

सोमवारी सकाळी मी नेहमीपेक्षा अर्धा तास आधी कॉलेजात पोचले. शेवटच्या दिवशी गर्दी होते आणि सर्व्हर बसतो, म्हणून. गेट उघडायच्या आधीच पोरं-पोरी भिंतीला टेकून उभ्या होत्या. मी रांग लावली, शिपायाला पाण्याचा माठ भरायला लावलं आणि टेबलावर बसले. साडेदहापर्यंत तामसीकडची एक बस आली आणि गेली. त्यात ती नव्हती. मी काम करत राहिले.

दुसऱ्या बसनं दोघी आल्या, सून आणि वहिनी. वहिनी लग्नात नेसते ती साडी नेसून आली होती. रांग सोडून ती सरळ माझ्या टेबलाशी आली आणि मागच्या मुलींकडे बघत हळूच म्हणाली, "देल्ले त्याईनं. काल घरी गेल्यावर म्हने, पोरीच्या बापाचा फोन आला, तं मी काय सांगू? सकाळी आलमारी उघडली आन माह्या हातात देल्ले. पावती आनजो म्हने."

"दादा नाही आला?"

"नाई. पायजमा धुवाले टाकला म्हने." तिला पुन्हा हसू आलं.

मी भाचेसुनेला रांगेत मागे जाऊन उभं राहायला सांगितलं. वहिनीला वाईट वाटलं, म्हणाली, घरची असून? मी म्हटलं, इथं ती घरची नाही. तिचा नंबर येईपर्यंत पाऊण तास गेला. मी तिचे कागद शेजारच्या टेबलावरच्या सरांकडे पाठवले. नातेवाइकांचे कागद मी तपासत नाही. सरांनी नावातला फरक विचारला, तिनं प्रतिज्ञापत्र पुढे केलं. फोनवर ओटीपीचा नंबर आला, फी भरली, सीट पक्की झाली. वहिनीनं पावती दोनदा घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवली. मी तिला पंख्याखालची खुर्ची दाखवली, भाचेसुनेला बस पासच्या खिडकीचा रस्ता सांगितला आणि रांगेतल्या पुढच्या मुलीकडून फाईल घेतली.